चैत्रातल्या लांब बाह्या

ऊन असं पेटलं होतं की रंगुबाईंच्या कोंबड्या दिवसभर रांजणाच्या ओल्या बुडाला चिकटून बसायच्या, आणि त्यात त्यांचा लेक अजिनाथ लांब बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाशी बटणं लावून हिंडत होता. दुधाचा टेम्पो चालवणारा माणूस. भल्या पहाटे वस्त्यावस्त्यांवरून कॅन उचलायचे, डेअरीवर रिकामे करायचे, विसळून परत पोचवायचे. उन्हाळ्यात बनियनवर त्याने कधी दुसरं काही चढवलेलं गावाने पाहिलं नव्हतं. आणि आता हे साहेबासारखं बटणं लावणं!

अश्विनी नेवाशाहून, माहेराहून, तान्ह्या लेकीला घेऊन सासरी आली त्याला पंधरवडा झाला होता. पहिलं बाळंतपण. आईने डिंकाचे नि मेथीचे लाडू चारून तिला अशी गरगरीत केली होती की ब्लाऊजच्या शिवणी उसवून घ्याव्या लागल्या. येताना गाडीत तिच्या मनात एकच चित्र होतं. आपण उतरू, हे धावत येतील, लेकीला उचलून घेतील, आणि सासूबाईंचं लक्ष नाही असं बघून आपलाही हात जरा दाबतील.

अजिनाथ धावत आला खरा. पिशव्या घेतल्या. लेकीकडे हातभर लांबून बघितलं, "वाढली की," म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी गादी खांद्यावर टाकून गच्चीवर निघाला.

"खाली लई उकडतंय," म्हणाला.

उकडत तर होतंच. पण मग वर झोपताना लांब बाह्या कशाला?

नवऱ्याचं काय ते अश्विनीने सोसलंही असतं. पण पंधरा दिवसांत बापाने लेकीला एकदा उराशी धरलं नव्हतं, हे तिला आतून कुरतडत होतं. पोरगी पुढे केली की तो मागे सरायचा.

"माझे हात कॅनचे हायेत गं. दुधाचा वास मारतो."

"अहो, तिला वासाचं काय? तिचं सगळं जगच दुधाच्या वासाचं आहे!"

"नगं, नगं," म्हणून तो टेम्पोचं चाक बघायला निघून जायचा. त्या टेम्पोच्या चाकांची एवढी काळजी कंपनीनेही कधी घेतली नसेल.

मुलगी झाली म्हणून नाराज असतील का? तसंही वाटेना. दवाखान्यात सिस्टरने "मुलगी" म्हटल्यावर ह्याच माणसाने अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले होते, एका पेशंटला तर शुगर असताना. मग बिघडलं कुठे? तसं बारशाला नेवाशाला आले तेव्हाच तोंड जरा उतरलेलं दिसलं होतं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, बायांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, सगळे हसले, आणि हा मात्र खांबाला टेकून मिरची चावल्यासारखा उभा. अश्विनीला वाटलं, भज्यातली मिरची लागली असेल.

एका पहाटे त्याचा मोबाईलचा गजर वाजून वाजून गप्प झाला तरी तो खाली उतरेना. चहाचा कप घेऊन ती वर गेली. अजिनाथ पालथा, एक हात गादीबाहेर, आणि झोपेत बाही कोपरापर्यंत सरकलेली. उजव्या हातावर, मनगटाच्या वर, निळ्याशार अक्षरांत कोरलेलं होतं: कावेरी. शेवटी एक फूल. फुलाला दोन पानं.

चहा कपातून सांडला तो तिच्या पायावर. ओरडलीसुद्धा नाही. कप कठड्यावर ठेवला, दोन पायऱ्या खाली आली, आणि तिथून हाक मारली, "अहो, उठा! दूध नासेल!"

सरळ विचारायचं ना, असं कुणी म्हणेल. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालं की ते ऐकून घ्यावं लागतं. तिने आधी आपणच शोध लावायचं ठरवलं.

"आई," गवारीच्या शेंगा मोडता मोडता तिने सासूला विचारलं, "आपल्या गावात कावेरी म्हणून कोण आहे का हो?"

"हाय की," रंगुबाई म्हणाल्या. "छगनची म्हस."

"म्हैस?"

"जाफराबादी. लई गुणाची. दोन्ही टायमाला बादली भरती. का गं? घ्यायची का आपल्याला?"

"नाही नाही, असंच. बाईमाणसात कुणी?"

"डेअरीच्या मागं चहा इकायची एक कावेराबाई. पर ती तुजं लगीन व्हायच्या आदीच वारली. बिचारीचा चहा लई ग्वाड." रंगुबाईंनी शेंग मोडायची थांबवली. "तुला कुनी सांगितलं तिचं? सपनात आली काय?"

आता काय करायचं? एक म्हैस आणि एक वारलेली. नवरा दुधाच्या धंद्यात कितीही बुडालेला असला तरी छगनच्या म्हशीचं नाव फुलापानांसकट हातावर काढण्याइतका बुडालेला नव्हता. म्हणजे ही तिसरी कुणीतरी होती. टेम्पोच्या वाटेवरची. कुठल्याशा वस्तीवर कॅन घेऊन उभी राहणारी, पदर खोचलेली, बाळंतपणाने न सुटलेली. अश्विनीने आरशात स्वतःकडे बघितलं आणि मेथीचा उरलेला लाडू डब्यात परत टाकला. मग थोड्या वेळाने काढून खाल्ला. लेकीला दूध तर आलं पाहिजे.

त्याच आठवड्यात काकासाहेबांचा वाढदिवस आला. काकासाहेब गावच्या सोसायटीचे चेअरमन. दरसाल वाढदिवसाला रक्तदान शिबीर ठेवायचे आणि रक्त देणाऱ्याला काहीतरी द्यायचे. मागच्या साली बादली दिली होती, यंदा थर्मास होता. जेवताना अजिनाथने मान खाली घालून सांगितलं,

"उद्या शिबिराला जानार हाय मी. रक्त द्यायला."

रंगुबाईंच्या हातातली भाकरी तव्याच्या वर थांबली. "कोन? तू?"

त्यांचा धक्का खोटा नव्हता. शाळेत लस टोचायला आले की हा चिंचेवर चढून बसायचा. आणि आता आता, अश्विनीला बाळंतपणात रक्त कमी पडलं नि पिशवी लावली, तेव्हा पिशवीकडे बघता बघता हा भुईवर आडवा झाला होता. सिस्टरने बाळंतीण सोडून आधी बापाच्या तोंडावर पाणी मारलं.

"थर्मास पायजे आसंल तर मी आनून देते बाबा, बाजारातून," रंगुबाई म्हणाल्या.

"थर्मासचं न्हाई, आई. हिला कुनीतरी दिलंच हुतं ना रक्त? मग आपन नगं द्यायला?"

इतकं गोड बोलला की अश्विनीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. पण तेवढ्यात त्याने कालवणाला हात पुढे केला आणि तिची नजर मनगटाच्या बटणावर गेली. रक्त द्यायचं म्हणजे बाही वर करावी लागते. अख्ख्या गावासमोर.

"मीपण येते," ती म्हणाली. "बाळालाही दाखवू, बाबा कसे शूर आहेत."

अजिनाथला ठसका लागला.

शिबीर शाळेत होतं. व्हरांड्याला काकासाहेबांचा हसरा फलक, स्पीकरवर गाणी, आणि पाचवीच्या वर्गात बाकं सरकवून मांडलेल्या खाटा. नगरहून रक्तपेढीची माणसं आली होती. दाराशी एक तरुण डॉक्टरीणबाई एकेकाला विचारून आत सोडत होत्या. अश्विनी लेकीला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिली. सगळं ऐकू येत होतं.

"झोप झाली? खाऊन आलात? कधी कावीळ? गेल्या वर्षभरात ऑपरेशन, गोंदण, टॅटू?"

"न्हाई," अजिनाथ जरा मोठ्यानेच म्हणाला.

खिडकीबाहेर अश्विनीने ओठ चावला. किती सफाईने खोटं बोलतात हे!

आतल्या सिस्टरने डाव्या हाताला पट्टा बांधला, टिचक्या मारल्या, मूठ उघडझाक करायला लावली. एरवी कॅन उचलताना त्या हाताच्या शिरा दोरीसारख्या फुगायच्या. आज भीतीने त्यासुद्धा दडून बसल्या होत्या.

"मिळेना हो. उजवा द्या."

"उजवा नगं."

"का?"

"स्टेअरिंगचा हात हाय."

"स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरतात, दादा."

"तसं न्हाई... गिअर बी..."

"गिअर डाव्यानं टाकत्यात, अज्या," शेजारच्या खाटेवर पडल्या पडल्या बिभीषण म्हणाला. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. "द्या हो सिस्टर, घुसवा उजव्यात. घाबरतंय ते."

अश्विनी खिडकी सोडून दारातून आत आली. लेक खांद्यावर. मोकळ्या हाताने तिने नवऱ्याच्या उजव्या मनगटाचं बटण काढलं. अजिनाथ तिच्याकडे बघतच राहिला. तिने शांतपणे एक घडी घातली, दुसरी घडी घातली, बाही कोपरावर नेऊन बसवली, आणि म्हणाली, "घ्या सिस्टर. हा घ्या उजवा."

कावेरी. फूल. दोन पानं.

वर्गातल्या सगळ्या खाटांनी माना वळवल्या.

"आयला!" बिभीषण उठून बसला, तशी दुसऱ्या सिस्टरने त्याला परत दाबलं. "वहिनी, ही कोन कावेरी?"

"तेच विचारायला आलेय," अश्विनी म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा खंबीर निघाला नाही.

"पोरगी हाय!" अजिनाथ ओरडला.

"पोरगी आहे ते दिसतंच आहे."

"अगं, पोरगी म्हंजी... आपली पोरगी!"

"आपली शिवन्या आहे."

"तीच! तीच कावेरी!"

मग खाटेवर बसल्या बसल्या, घामाने भिजून, त्याने सगळं सांगितलं. मुलगी झाली म्हटल्यापासून त्याच्या डोक्यात कावेरी हेच नाव बसलं होतं. होळीनंतरच्या जत्रेत पेढ्याच्या दुकानांना दूध घालायला गेला, तिथे एकजण मशीन घेऊन हातावर नावं काढून देत होता. आनंदाच्या भरात अजिनाथने हात पुढे केला. चार दिवसांनी बारसं. नेवाशाला जाईपर्यंत हातावर खपली धरली होती, आणि पाळण्याशी वाकून त्याच्या मोठ्या बहिणीने, सविताताईने, बाळाच्या कानात सांगितलं: शिवन्या.

"मी तोंड उघडनार, तंवर बायांनी तायडीच्या पाठीत बुक्के घालाया सुरुवात केली. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी काय सांगू तिला, म्या आदीच हातावर छापून आलोय म्हनून?"

हसण्याचा असा गदारोळ उठला की बाहेरच्या स्पीकरवरचं गाणं ऐकू येईना. बिभीषणच्या नळीतलं रक्तसुद्धा हसण्याने उसळ्या मारायला लागलं म्हणे. अश्विनीही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. इतके दिवस उरावर घेऊन फिरत असलेली ती पदर खोचलेली बाई तिच्याच खांद्यावर बसून तिच्या कानातलं ओढत होती.

एकट्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी अजिनाथच्या दंडाचा पट्टा सोडला.

"होळीनंतर म्हणजे दोन महिनेही झाले नाहीत. मला तर तुम्ही 'नाही' म्हणालात. चला माझ्याबरोबर. ताई, तुम्हीपण या."

मुख्याध्यापकांच्या खोलीत पृथ्वीचा गोल होता, सांगाड्याचा तक्ता होता, आणि दार लावून घेतल्यावर एकदम शांतता होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खोटं का बोललात? थर्माससाठी?"

"थर्मास नगं मला." अजिनाथ पृथ्वीच्या गोलाशी बोलत होता. "तपासून पायजे हुतं. एचआयव्हीचं."

अश्विनीचं मघाशी हसलेलं सगळं क्षणात पुसलं गेलं.

झालं होतं असं. बारशाहून परत आल्यावर एका वस्तीवर गुरांचे डॉक्टर गाईंना लस टोचत होते. दर गाईला नवी सुई. अजिनाथने गमतीने विचारलं, एवढ्या सुया कशाला? ते म्हणाले, एकीच्या रक्तातलं दुसरीच्या अंगात जाऊ नये म्हणून. आणि कॅन हातात धरून अजिनाथ जागच्या जागी थिजला. जत्रेतल्या त्या माणसाने सुई बदलली नव्हती. एकाचं झालं की त्याच वाटीतल्या शाईत बुडवायची, फडक्याला पुसायची, पुढचा हात. रांगेत दहाबारा जण होते.

"गाईला नवी सुई," तो कळवळून म्हणाला, "अन् म्या मानूस असून कुनाकुनाच्या सुईखाली हात घातला!"

"मग सरकारी दवाखान्यात का नाही गेलात? तिथे फुकट तपासतात, कुणाला सांगत नाहीत."

"सांगत न्हाईत, पर त्या दाराच्या पुढ्यातच आमच्या डेअरीची गाडी थांबती. मला वाटलं, रक्त दिलं की तुमी तपासताच. काय निघालं तर फोन येतो म्हनं. फोन न्हाई आला, की आपन पास."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"नीट ऐका. हा आजार अंगात शिरला तरी लगेच तपासणीत दिसत नाही. सुरुवातीचे काही आठवडे असे असतात की मशीन सांगतं, काही नाही. आणि माणसाच्या रक्तात मात्र ते असतं. रानात बी पेरलंय पण वरून रान मोकळंच दिसतंय, तसं. आणि गंमत नाही सांगत, ह्याच दिवसांत ते दुसऱ्याला सगळ्यात लवकर लागतं. म्हणून आजच्या एका रिपोर्टवर पास-नापास ठरत नाही. आज तपासायचं, आणि सुई टोचल्याला तीन महिने झाले की पुन्हा तपासायचं."

अजिनाथ विचार करत होता. "म्हंजी लॅक्टोमीटर बुडवला की डिग्री बरोबर लागती, पर दूध बिघडलेलं आसतंय, तसं."

"तसंच समजा."

"अन् त्या दिवसांत मी रक्त दिलं आसतं, तर..."

"तर मशीनला कदाचित काहीच दिसलं नसतं. पिशवी पुढे गेली असती."

"कुणाला?" अश्विनीने विचारलं.

"कुणालाही. अपघातातल्या माणसाला. बाळंतिणीला तर फार लागतं."

अश्विनीच्या डोळ्यांसमोर ती पिशवी आली. स्टँडला लटकलेली, थेंबाथेंबाने तिच्यात उतरलेली. त्या रात्री बधिर डोक्याने तिने त्या न बघितलेल्या माणसाला मनातल्या मनात दादा म्हटलं होतं.

"अहो," ती म्हणाली, आणि ह्या वेळी आवाज खंबीर होता. "मला जी पिशवी लावली, ती देणारा तुमच्यासारखाच कुणी असता तर? स्वतःला तपासून मिळावं म्हणून खोटं बोलून खाटेवर पडलेला?"

अजिनाथने तोंड वर केलं. चिंचेवर चढून बसलेलं पोर खाली उतरताना जसं दिसत असेल, तसा दिसत होता.

"म्या इचारच न्हाई केला," तो शेवटी म्हणाला. "तुजी शपत... म्या फकस्त तुमा दोघींचा इचार करत हुतो. तुला सांगितलं तर घोरानं तुजं दूध आटंल. म्हनून गच्चीवर गेलो. तुज्याजवळ आलो न्हाई. पोरीला तर बोट बी लावलं न्हाई."

"म्हणजे सुई टोचल्यापासून तुम्ही दोघं..." डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी माहेरी होते," अश्विनी म्हणाली, "आणि आल्यापासून हे गच्चीवर."

"चला, एक काम तरी शहाण्यासारखं झालं. म्हणजे ताई, तुम्हाला आणि तुमच्या दुधाला काही धोका नाही. बिनघोर पाजा." त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "सुई टोचल्या टोचल्या, तीन दिवसांच्या आत आला असतात तर त्यावर औषधही होतं. आता ती वेळ गेली. पण घाबरून जाऊ नका. अशा सुईने एचआयव्ही लागायचा धोका तसा थोडा असतो. काविळीचा त्याहून जास्त. दोन्ही तपासून घ्या. पण लेकीला हात लावायचा नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. मीच."

"अहो, उचलून घेतल्याने, पापा घेतल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. घ्या पाहू तिला."

अजिनाथने अश्विनीकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. तिचा राग अजून गेला नव्हता. पण लेक दोन्ही हात बापाच्या दिशेने नाचवत होती. अश्विनीने तिला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने आधी फुटका कॅन धरल्यासारखी धरली, मग नीट धरली, मग तिच्या टाळूला नाक लावलं, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत, सांगाड्याच्या तक्त्याखाली, अजिनाथ हमसून हमसून रडला. लेकीने सुटलेली बाही पकडून तोंडात घातली आणि चोखायला लागली. पंधरा दिवसांचा घाम मुरलेली बाही. तिला गोड लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली, डेअरीच्या गाडीसमोरून, ताठ मानेने. गाडीवाला म्हणालाच, "काय अजिनाथ, हितं कुठं?"

"पोरीला डोस द्यायचाय," अजिनाथ म्हणाला.

"पोरगी कुठंय?"

पोरगी घरी आजीजवळ होती. अश्विनीने त्याला आत ढकललं.

पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. समुपदेशक बाईंनी तेच सांगितलं: आनंद अर्धाच करा, उरलेला ज्येष्ठात. तोवर कुणाला रक्त द्यायचं नाही, आणि नवराबायकोने एकतर निरोध वापरायचे नाहीतर लांब राहायचं. कागदी पिशवीही दिली. अजिनाथ ती हातात धरून असा लाजला की जणू लग्नच अजून व्हायचं होतं.

"मी आपला गच्चीवरच बरा," म्हणाला.

तोवर हातावरच्या नावाची बातमी गावभर पसरून राजूरला, सविताताईच्या सासरी, डोंगर चढून पोचली होती. तिने फोन लावला तो स्पीकरवर घ्यायचीही गरज पडली नाही.

"काय रं अज्या! मला इचारल्याबिगर माज्या भाचीचं नाव ठेवलंस? अन् ते बी हातावर?"

"तायडे, तूच मला न इचारता..."

"मला कुनाला इचारायचं आसतंय? आत्या हाय मी! बुक्के कुनी खाल्ले? तू का मी?"

"बरं, मग आता काय हात कापू?"

पलीकडून हसू. "ऱ्हाऊ दे. दुसरी हुईल तिचं ठेवीन कावेरी. लवकर हालचाल करा म्हंजी झालं."

अश्विनी पदरात तोंड लपवून आत पळाली. अजिनाथ गच्चीकडे बघत उभा राहिला.

ते थांबणं सोपं नव्हतं. लेकीला खेळवताना त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागायचा आणि दोघंही एकदम दुसरीकडे बघायची. मध्येच एखाद्या दुपारी त्याला बारीक ताप आल्यासारखा वाटायचा, मग ती कपाळाला हात लावून बघायची आणि म्हणायची, "काही नाही, ऊन आहे." हात मात्र जरा वेळ तिथेच राहायचा. दोघांनाही माहीत होतं की त्या उन्हाचा भरवसा नाही. बाह्या आता आखूड झाल्या होत्या. डेअरीवर पोरं "कावेरीचे पप्पा" म्हणून हाका मारायची, छगन तर म्हणायचा, माज्या म्हशीचा बाप आला.

यंदा अधिक महिना आला, धोंड्याचा. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा महिना. नेवाशाहून अश्विनीच्या आईचं बोलावणं आलं. जेवण झालं, अंगठी झाली, ओवाळणं झालं, आणि सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने जावयाला खोली दाखवली. नवी चादर, नवा टेबलफॅन, उशांवर पोपट.

"गच्ची कुठनं हाय?" अजिनाथने विचारलं.

माहेरचं घर पत्र्याचं होतं. गच्ची नव्हती. जावईबापू टेम्पोत झोपले. अश्विनीची आई सकाळी तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आक्के, खरं सांग, भांडलात का?" अश्विनी म्हणाली, "नाही गं. त्यांना त्या टेम्पोची लई माया आहे." त्या दिवशी आईने टेम्पोकडे जरा वाकड्या नजरेनेच बघितलं.

तीन महिने भरले तशी दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. ह्या वेळी लेकीलाही नेलं. बाकावर बसल्यावर अजिनाथचा गुडघा टेम्पोच्या इंजिनासारखा हलत होता. अश्विनीने त्यावर लेक ठेवली. तिला झोका वाटला, ती हसायला लागली.

"धरून चाल की काय निघालं," तो हळू म्हणाला.

"तर गोळ्या असतात. बाईंनी सांगितलंय, माणूस चांगला जगतो. मी आहे."

"पर तू लांब..."

"मी कुठे लांब आहे? गच्चीला दहा पायऱ्या आहेत."

आतून नाव पुकारलं. दार लागलं. दार उघडलं. समुपदेशक बाई कागदाकडे न बघताच हसत होत्या.

"दोन्ही नाही. एचआयव्ही नाही, कावीळ नाही. आता हा अर्धा राहिलेला आनंद करून टाका."

अजिनाथने आधी लेकीचा पापा घेतला. मग, भर दवाखान्यात, दारातून बघणाऱ्या डेअरीच्या गाडीवाल्याच्या समोर, बायकोचा हात हातात घेतला आणि जरा दाबला. "अन् रक्त?" त्याने बाईंना विचारलं. "ते कधी देता यील? खरं खरं सांगून?"

"गोंदणाला वर्ष झाल्यावर."

"पुढच्या होळीनंतर," अश्विनी म्हणाली. "मी येईन. बाही मीच वर करीन."

त्या संध्याकाळी रंगुबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. बघतात तर लेक गादी खांद्यावर टाकून जिन्याने खाली उतरतोय. गादीची एक कड सून धरून होती, आणि हसू दाबायच्या नादात तिला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

"का रं?" रंगुबाई म्हणाल्या. "खाली लई उकडतंय म्हनत हुतास ना?"

अजिनाथ दाराशी थबकला. कपाळावरून घामाची धार लागली होती, वारा पडला होता, कोंबड्या रांजणाला चिकटून बसल्या होत्या.

"न्हाई गं आई," तो म्हणाला. "आता गारठा पडलाय."